सोमवारी ऑर्डर, मंगळवारी पहाटे ट्रक: लसीच्या पहिल्या खेपेमागची बिगर-विज्ञान माणसं

११ जानेवारी २०२१, सोमवार. केंद्र सरकारच्या वतीने एचएलएल लाइफकेअर या सरकारी कंपनीने पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला कोविशील्डच्या १ कोटी १० लाख डोसांची ऑर्डर दिली. दर डोसला २०० रुपये, वर १० रुपये जीएसटी. मंगळवारी पहाटे पाचच्या सुमारास पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या सीरमच्या प्रकल्पातून तीन शीतवाहू ट्रक बाहेर पडले. पूजा झाली, नारळ फुटला आणि पोलीस बंदोबस्तात गाड्या लोहगाव विमानतळाकडे निघाल्या. आत ४७८ पेट्या होत्या, प्रत्येकी ३२ किलोच्या. त्या दिवशी नऊ विमानांतून १३ शहरांना मिळून ५६.५ लाख डोस जायचे होते. शनिवारी, १६ तारखेला, देशभर लसीकरण सुरू होणार होतं.

ऑर्डर आणि ट्रक यांच्यामध्ये जेमतेम एक रात्र होती. त्या रात्री लस शोधायची नव्हती, बनवायचीही नव्हती. ती तयार होऊन शीतगृहात पडून होती. उरलेलं काम होतं ऑर्डरचे कागद वाचणं, माल जुळवणं, पेट्या भरणं, गाड्या आणि विमानं गाठणं, आणि या सगळ्याची नोंद ठेवणं. यातल्या बऱ्याच कामांना बीएस्सी लागत नाही. बायोटेक म्हटलं की मुलं आणि पालक थेट मायक्रोबायोलॉजीच्या प्रवेशाची चौकशी करतात, आणि बीकॉम, बीए झालेला मुलगा हे क्षेत्र आपलं नाहीच असं धरून चालतो. ती समजूत दूर व्हावी म्हणून ही एकच खेप उलगडून पाहू. तारखा आणि आकडे त्या खेपेचे आहेत. कामाच्या पायऱ्या मात्र २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये जाणाऱ्या कोणत्याही लसीला, इन्सुलिनला किंवा जैविक औषधाला लागू होतात.

ऑर्डर यायच्या आधी

औषध महानियंत्रकांनी आपत्कालीन वापराला मंजुरी दिली ३ जानेवारीला. पण त्याआधीच, डिसेंबर २०२० अखेर, ४ ते ५ कोटी डोस तयार असल्याचं कंपनीने जाहीर केलं होतं. मंजुरी मिळाली नसती तर हा साठा टाकून द्यावा लागला असता. अशा निर्णयाच्या मुळाशी वित्त विभागाचं गणित असतं: किती रक्कम अडकेल, किती महिने अडकेल, साठ्याची मुदत कधी संपेल, गोदामाचं भाडं आणि विजेचं बिल किती, आणि काहीच विकलं गेलं नाही तर कंपनी तग धरेल का. हे मांडणाऱ्या माणसाला पेशी कशी वाढते ते ठाऊक नसलं तरी चालतं. एका बॅचला सुरुवातीपासून सुटकेपर्यंत किती आठवडे लागतात, हे मात्र तोंडपाठ लागतं. लसीची बॅच कारखान्यातच तपासून बाजारात जात नाही. कसौलीच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेचा हिरवा कंदील लागतो, आणि त्या काळात पैसा नुसता पडून असतो. सनदी लेखापाल इथे नवा आला की पहिली चूक हीच करतो. तयार मालाला तो विकाऊ माल समजतो. बायोटेकमध्ये ‘तयार’ आणि ‘मोकळा’ (विकायला परवानगी मिळालेला) हे दोन वेगळे साठे आहेत आणि ते वेगळ्या रकान्यांत दाखवावे लागतात.

खरेदी विभागाचं तसंच. व्हायल (लसीची काचेची कुपी), रबरी बूच, अॅल्युमिनियमचं सील, गाळण्या, एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक पिशव्या हे सगळं महिनोन्‌महिने आधी मागवावं लागतं. एप्रिल २०२१मध्ये अमेरिकेतून येणाऱ्या कच्च्या मालावरचे निर्बंध उठवावेत म्हणून सीरमचे प्रमुख अदर पूनावालांनी थेट अमेरिकेच्या अध्यक्षांना जाहीर विनंती केली होती. त्यावरून पिशव्या-गाळण्यांचं महत्त्व लोकांच्या ध्यानात आलं. इतर कारखान्यांत पुरवठादार अडला की खरेदीवाला दुसरा गाठतो आणि शाबासकी मिळवतो. इथे तसं करता येत नाही. गाळणी बदलली तर तो बदल गुणवत्ता विभागाकडे रीतसर मांडावा लागतो, नव्या पुरवठादाराची तपासणी होते, चाचण्या होतात, काही वेळा नियामकालाही कळवावं लागतं. स्वस्तात मिळालं म्हणून परस्पर घेतलेली गाळणी अख्खी बॅच अडकवू शकते. म्हणून चांगला खरेदी अधिकारी टंचाई यायच्या आधीच दुसरा पुरवठादार मंजूर करून ठेवतो. त्याची खरी कसोटी भाव पाडण्यात नाही, त्या दूरदृष्टीत आहे.

आणखी एक काम सहसा कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. भारतात या लसीची चाचणी १,६०० स्वयंसेवकांवर झाली, त्यांतले पहिले डोस ऑगस्ट २०२०मध्ये पुण्यात दिले गेले. प्रत्येक स्वयंसेवकाला त्याला कळणाऱ्या भाषेत संमतीपत्र द्यावं लागतं. म्हणजे मराठी संमतीपत्र लिहिणारा अनुवादक लागतो, ते पुन्हा इंग्रजीत उलटवून मूळ अर्थ टिकला का हे पाहणारा दुसरा अनुवादक लागतो, आणि दोघांचं प्रमाणपत्र फाइलला लावावं लागतं. ‘प्लासिबो’ला ‘खोटं औषध’ लिहिलं तर माणूस घाबरतो आणि ‘कूटभेषज’ लिहिलं तर त्याला काहीच कळत नाही. ‘औषध नसलेलं, दिसायला तसंच इंजेक्शन’ असं लिहिलं की कळतं. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे २०१९च्या नवीन औषधे व चिकित्सा चाचणी नियमांनुसार चाचणीला परवानगी देणाऱ्या नीती समितीत किमान सात सदस्य हवेत. त्यांत एक कायदेतज्ज्ञ, एक समाजशास्त्रज्ञ किंवा स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी किंवा नीतिविचाराचा अभ्यासक, आणि एक सामान्य नागरिक असावाच लागतो. कायद्यानेच बिगर-विज्ञान माणसासाठी खुर्ची राखून ठेवली आहे. भाषा आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे कॉलेजात कुणी सांगत नाही, याची खंत वाटते.

रात्रीचं गणित

ऑर्डर हातात आली की डिस्पॅचचा, म्हणजे माल रवाना करणाऱ्या विभागाचा माणूस आधी चार गोष्टी वेगळ्या काढतो: कुणाला, किती, कुठल्या पत्त्यावर, कधीपर्यंत. सरकारी लसीच्या ऑर्डरीत पैसे देणारा, माल घेणारा आणि माल उतरवून घेणारा हे तीन वेगळे असू शकतात. केंद्र सरकारचे मोठे साठे कर्नाल, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता इथे आहेत, त्याखाली राज्यांची भांडारं. बिलावरचा पत्ता आणि पेटीवरचा पत्ता वेगळा असणं इथे चूक नसते, पण दोन्ही ऑर्डरीशी अक्षरन्‌अक्षर जुळले पाहिजेत.

मग आकडे. पुण्याहून दिल्लीला निघालेल्या पहिल्या विमानात ३४ पेट्या आणि १,०८८ किलो वजन असल्याचं तेव्हा स्पाइसजेट या विमान कंपनीकडूनच सांगण्यात आलं. ३४ गुणिले ३२ म्हणजे १,०८८. गणित बरोबर जुळतं. हीच तपासणी डिस्पॅचच्या टेबलावर मालासोबतच्या प्रत्येक चलानाला करायची असते. पेट्यांची संख्या गुणिले एका पेटीचं वजन हे एअर वेबिलवरच्या (विमानाने जाणाऱ्या मालाच्या पावतीवरच्या) वजनाशी जुळलं नाही, तर पेटी कमी आहे, जास्त आहे, किंवा एखादी अर्धवट भरलेली आहे. तिन्ही गोष्टी गाडी सुटायच्या आधीच कळायला हव्यात. हवाई मालाचं भाडं प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांत जे जास्त त्यावर लागतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६,००० ने भागलं की आकारमानाचं वजन येतं. ६० × ५० × ४५ची पेटी धरली तर २२.५ किलो. ३२ किलोच्या भरीव पेटीला त्याचा त्रास नाही, पण जाड थर्मोकोलच्या पेटीत थोडाच माल असला की भाडं फुगतं आणि ते अंदाजपत्रकात धरलेलं नसतं.

५६.५ लाखांना ४७८ने भागलं तर पेटीमागे साधारण १२,००० डोस पडतात. आता मुंबई पाहा. महापालिकेला १३ जानेवारीला मिळाले १,३९,५०० डोस. १२,००० ने भागल्यावर साडेअकरा पेट्यांच्या थोडं वर जातं. म्हणजे अशा वाटपात कुठे ना कुठे पेटी फोडून सुटी पेटी बांधावी लागते, आणि शीतसाखळीत सगळ्यात नाजूक असते ती हीच सुटी पेटी.

पेटी

इथे जरा थांबून पाहायला हवं, कारण बिगर-विज्ञान माणसाच्या हातून लस वाचते किंवा जाते ती इथेच.

लसीला उन्हाची भीती असते हे सगळ्यांना माहीत असतं. गोठण्याची भीती अशा बऱ्याच लसींना त्याहून मोठी असते हे पुष्कळांना माहीत नसतं. कोविशील्डच्या वेष्टणावर ‘गोठवू नये’ असं स्पष्ट आहे. काही वेळ ९-१० अंशांवर गेलेल्या मालाबद्दल स्थिरतेच्या अभ्यासाचा (कोणत्या तापमानात लस किती काळ टिकते याचा) आधार घेऊन निर्णय घेता येतो. गोठलेला माल मात्र सरळ बाद होतो. आणि तो गोठतो कशाने? त्याला थंड ठेवायला घातलेल्या आइस पॅकने. उणे २० अंशांच्या फ्रीजरमधून काढलेला पॅक तसाच व्हायलला टेकवला की शेजारची रांग गोठते. म्हणून पॅक आधी बाहेर मांडून ठेवायचा. त्यावर दव धरतं, पुसायचा, आणि कानाशी धरून हलवायचा. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला, म्हणजे बर्फ वितळायला लागला आणि पॅक शून्य अंशावर आला. तोपर्यंत तो पेटीत जात नाही. किती मिनिटं लागतील हे खोलीच्या तापमानावर ठरतं. जानेवारीतल्या पहाटे मेपेक्षा जास्त वेळ लागतो. घड्याळावर विसंबून ‘वीस मिनिटं झाली, भरा’ म्हणणारा सुपरवायझर थंडीच्या दिवसांत धोका पत्करतो. याच कारणाने बऱ्याच कंपन्या आता पाण्याऐवजी ५ अंशांच्या आसपास वितळणारे पॅक वापरतात. ते महाग असतात, पण गोठवत नाहीत.

पेटीची मांडणी मनाने ठरत नाही. तळाला किती पॅक, बाजूंना किती, मध्ये पुठ्ठ्याचा किंवा फोमचा पडदा कुठे, हे सगळं चाचणी करून ठरवलेलं असतं आणि त्याचं चित्र भरणाऱ्याच्या समोर भिंतीवर लावलेलं असतं. उन्हाळ्याची मांडणी वेगळी, हिवाळ्याची वेगळी. जानेवारीत एकाच दिवशी एक पेटी गारठलेल्या दिल्लीला आणि दुसरी दमट चेन्नईला जाणार असेल, तर मांडणी दोन्ही टोकांना चालणारी हवी. सुट्या पेटीत गोम अशी की माल कमी, म्हणजे थंडी शोषून घेणारं वस्तुमान कमी. पॅक मात्र तेवढेच घातले तर आतलं तापमान २च्या खाली उतरतं. त्यामुळे पेटीत कमीत कमी किती माल हवा ती मर्यादा ठरलेली असते, आणि त्याहून कमी माल असेल तर लहान पेटी घ्यायची. मोकळी जागा रद्दी कागदाने भरायची नाही, मंजूर केलेल्या भरावानेच भरायची.

प्रत्येक खेपेत तापमान नोंदवणारा लॉगर जातो. तो पॅकला चिकटवून ठेवायचा नाही, व्हायलच्या मधोमध ठेवायचा. दर पाच मिनिटांना एक नोंद धरली तर ४८ तासांत ५७६ नोंदी होतात. लॉगरच्या बाबतीत दोन चुका पुन्हा पुन्हा होतात. पहिली म्हणजे लॉगर पॅकिंग खोलीत, २० अंशांत, सुरू केला जातो आणि मग पेटीत जातो. पहिल्या अर्ध्या तासाच्या नोंदी ८च्या वर दिसतात आणि उतरवून घेणारा माल नाकारतो. त्यासाठी लॉगर आधी शीतगृहात ठेवून थंड करायचा आणि सुरू होण्याला विलंब लावायचा. दुसरी चूक घड्याळाची. लॉगर ग्रीनिचच्या वेळेवर असतो आणि गाडीची कागदपत्रं भारतीय वेळेवर. आलेखात रात्री २३:४० ला तापमान चढलेलं दिसतं, आणि चौकशी रात्रपाळीच्या गोदाम कामगारावर येते. साडेपाच तास मिळवले तर ती वेळ पहाटे ५:१० निघते, म्हणजे माल तेव्हा गोदामात नव्हताच, ट्रकमध्ये होता. निरपराध माणसावर ठपका येऊ नये म्हणून लॉगरची वेळ कोणती हे पॅकिंग स्लिपवर लिहिलेलं असावं. एवढी साधी गोष्ट, पण तिने माणसाची नोकरी वाचते.

ट्रक आणि विमानतळ

शीतवाहू ट्रकबद्दल एक गैरसमज इतका रूढ आहे की तो मुलाखतीत हमखास विचारला जातो. ट्रक माल थंड करत नाही, थंड असलेला माल थंड ठेवतो. म्हणून गाडी लोडिंगच्या आधीच ठरलेल्या तापमानाला आणून ठेवायची, त्याची नोंद चालकाच्या सहीसह घ्यायची, आणि मगच दार उघडायचं. पेट्या छताला भिडवायच्या नाहीत, भिंतीला चिकटवायच्या नाहीत. हवा फिरायला वाट लागते. थंड हवेच्या तोंडासमोरची रांग सगळ्यात आधी गोठते, तर दाराजवळची रांग सगळ्यात आधी तापते. दोन्ही ठिकाणी एकेक लॉगर हवा.

ई-वे बिलात, म्हणजे माल रस्त्याने नेण्यासाठीच्या जीएसटीच्या कागदात, वाहन क्रमांक असतो, आणि ऐन वेळी गाडी बदलली की तो बदलावा लागतो. हे विसरल्याने नाक्यावर गाडी थांबते. थांबलेल्या गाडीचं इंजिन बंद झालं आणि शीतयंत्र इंजिनवरच चालणारं असलं, तर आत काय होतं ते सांगायला नको.

सगळ्यात कच्चा दुवा मात्र विमानतळ. कार्गो टर्मिनलच्या शीतखोलीतून बाहेर काढलेली पेटी विमानाच्या पोटात जाईपर्यंत विमानं उभी राहतात त्या उघड्या जागेत थांबते. विमान उशिरा असलं तर ती तिथेच थांबते. तिथे कंपनीचा माणूस जाऊ शकत नाही, हँडलिंग एजन्सीचा असतो. म्हणून डिस्पॅचचा अनुभवी माणूस विमान सुटायच्या वेळेपेक्षा पेटी शीतखोलीतून कधी निघाली ती वेळ विचारतो, आणि पुढच्या शहरात उतरवून घेणाऱ्याला उतरण्याच्या वेळेआधी फोन लावतो. कोरडा बर्फ वापरलेल्या खेपेला आणखी एक अट असते. तो धोकादायक मालाच्या नवव्या वर्गात येतो, त्याचा क्रमांक यूएन १८४५, आणि पेटीवर त्याचं निव्वळ वजन किलोत लिहावं लागतं. हे काम करणाऱ्याला धोकादायक मालाचं प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवावं लागतं. त्याला विज्ञानाची पदवी लागत नाही.

बिघडलं तर

लॉगर उतरवला आणि ९.४ अंश, ३५ मिनिटं असं दिसलं. बिगर-विज्ञान माणसाने इथे काय करायचं हे नेमकं ठरलेलं आहे. माल वेगळा काढायचा, त्यावर ‘थांबवलेला’ असं लेबल लावायचं, पण तो २ ते ८ मध्येच ठेवायचा. लॉगरची मूळ फाइल उतरवून गुणवत्ता विभागाला पाठवायची. वेळ, जागा, कुणी पाहिलं हे लिहायचं. ‘माल ठीक वाटतो’ हे वाक्य लिहायचं नाही आणि फोनवरही बोलायचं नाही. माल वापरायचा की टाकायचा हा निर्णय गुणवत्ता विभाग स्थिरतेच्या माहितीवरून घेतो. आणि माल खराब समजून परस्पर टाकूनही द्यायचा नाही. आमच्या मते या क्षेत्रात टिकणारा माणूस इथेच ओळखू येतो. आपल्या अधिकाराची रेघ कुठे संपते ते त्याला पक्कं माहीत असतं.

नोंदीत चूक झाली तर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख आणि कारण. व्हाइटनर नाही, गिरवणं नाही, आणि मागाहून आठवून भरलेली वेळ तर मुळीच नाही. ऑडिटर तापमानाच्या आधी शाई पाहतो. सगळ्या ओळी एकाच पेनाने, एकाच दमात लिहिलेल्या दिसल्या की पुढचे दोन तास तो त्याच रजिस्टरवर बसतो.

दारं कुठली उघडी, कुठली बंद

खोटी आशा दाखवायची नाही. औषध नियमांनुसार उत्पादन आणि तपासणी मान्यताप्राप्त तांत्रिक कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखालीच होते, आणि त्यांना विज्ञान किंवा फार्मसीची पदवी लागते. तिथे बीकॉमवाल्याला जागा नाही. घाऊक विक्रीच्या परवान्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे जबाबदार व्यक्ती म्हणून फार्मासिस्टखेरीज कोणत्याही शाखेचा पदवीधर औषध व्यवहाराच्या एका वर्षाच्या अनुभवावर, किंवा मॅट्रिक झालेला माणूस चार वर्षांच्या अनुभवावर चालत आला आहे. अर्ज करताना अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात त्या दिवशीची अट विचारून घ्यावी. आयात-निर्यातीत कस्टम ब्रोकरकडे एच कार्ड या सुरुवातीच्या ओळखपत्रावर काम सुरू होतं, परीक्षा देऊन वरच्या पायरीचं जी कार्ड मिळतं. परदेशातून येणारी पेशींची पेटी कस्टममधून चार तासांत सोडवणारा जी कार्डधारक कंपनीला फार मोलाचा असतो.

हडपसर-मांजरी, हिंजवडी, भोसरी या पट्ट्यात सुरुवात बहुतेक कंत्राटी नोकरीने होते: गोदाम सहायक, दस्तऐवज सहायक, डिस्पॅच क्लार्क. पहिले सहा महिने एसओपी (कामाच्या ठरलेल्या पद्धतीचे लेखी कागद) वाचण्यात आणि त्यावर सह्या करण्यात जातात, आणि पुष्कळ मुलं कंटाळून याच टप्प्यावर सोडतात. ज्यांना पुढे जायचं आहे त्यांनी याच काळात विचलनाच्या (ठरलेल्या पद्धतीपेक्षा वेगळं घडल्याच्या) जुन्या फाइली मागून वाचाव्यात. कुठलंही कोर्सचं पुस्तक एवढं शिकवत नाही. मटेरियल्स मॅनेजमेंटचा डिप्लोमा नंतर, पगार सुरू असताना करता येतो. एक्सेल पक्कं हवं, इंग्रजी ईमेल चार ओळींत मुद्द्याचा लिहिता यायला हवा, आणि चालकाशी, हमालाशी मराठी-हिंदीत नीट बोलता यायला हवं. रात्री दोन वाजता पेटी कशी धरायची ते त्यांनाच सांगायचं असतं.

माल पोहोचला म्हणजे खेप संपली असं डिस्पॅचमध्ये धरत नाहीत. उतरवून घेणाऱ्याची पावती परत येते. तिच्यावर पेट्यांची संख्या, बॅच क्रमांक, माल घेतल्याची वेळ आणि शीतगृहात ठेवल्याची वेळ असे चार रकाने असतात. शेवटचे दोन रकाने घाईत एकसारखेच भरलेले असतात. फाइल बंद करणारा माणूस तेवढ्यासाठी तिकडे फोन करतो, दुसऱ्या वेळेची खातरजमा करून घेतो, सहीनिशी दुरुस्त पावती मागवतो, ती लॉगरच्या आलेखामागे टाचतो, आणि मग खेपेच्या क्रमांकापुढे तारीख घालतो.